राजाची दुपारची झोप

आमच्या शर्वाणीने रविवारी संध्याकाळी दोन मुलं, तीन बॅगा आणि एक हुकूम माझ्या दारात आणून टाकला, आणि जाताना माझ्याच टीव्हीचा रिमोट पर्समध्ये घालून बंगळूरला घेऊन गेली.

"अम्मा, दसऱ्यापर्यंत फोन नाही, टीव्ही नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बजावलंय. इंचरा पाच वर्षांची झाली, पण समोर मोबाईल असल्याशिवाय घास गिळत नाही. पुट्टा तर तिच्या वरताण. तीन वर्षांचा घोडा, आणि बोलायच्या ऐवजी नुसतं बोट फिरवतो."

"अगं, पण मग दिवसभर करतील काय?"

"कंटाळतील. कंटाळू देत. कंटाळले की आपोआप खेळायला लागतील."

ऐकलंत? दोन कंटाळलेली पोरं, आणि ती कुठे, तर ऐन नवरात्रात, मैसूरला, माझ्या बैठकीच्या खोलीत! आमच्याकडे नऊ पायऱ्यांची मांडणी असते. दोनशेच्या वर बाहुल्या. सगळ्यांत वर रक्तचंदनाचे राजा-राणी, माझ्या लग्नात माझ्या आईने दिलेले. त्यांच्या खाली दशावतार, मग हत्तींची सवारी, लग्नाची वरात, वाजंत्री, डाळ-तांदळाचं दुकान मांडून बसलेले ढेरपोटे शेट्टी आणि त्यांची शेट्टीण. तळाशी आमच्या ह्यांनी नाचणी पेरून वाढवलेली हिरवळ आणि तिच्यात वाघ-सिंह. लग्न झाल्यापासून ह्या बाहुल्यांना माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. आमच्या ह्यांना खोकी माळ्यावरून उतरवायची तेवढी मुभा. शर्वाणीसुद्धा लहानपणी हात मागे बांधून बघायची.

त्यात शनिवार येत होता. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या गल्लीतलं महिला मंडळ घरोघरची मांडणी बघायला येतं आणि पहिला नंबर देतं. गेली तीन वर्षं तो नंबर समोरच्या पद्मावतम्मा नेतेय. का, तर तिच्या बाहुल्यांमधून विजेवरची आगगाडी फिरते! बाहुल्यांचा हब्ब म्हणजे सण, त्यात आगगाडी कशाला, मी म्हणते. पण ह्या वर्षी मी राजाला नवा जरीचा फेटा शिवला होता, सवारीत अंबारीचा हत्ती नवा आणला होता, आणि पहिला नंबर माझाच होता. फक्त शनिवारी सहापर्यंत सगळं जिथल्या तिथे उभं राहायला हवं होतं.

आल्या आल्या पुट्टा पायऱ्यांपाशी गेला आणि त्याने वाघाच्या तोंडावर बोट फिरवलं. वाघ बदलला नाही. त्याने पुन्हा फिरवलं. वाघ तोच. मग त्याने असा काही टाहो फोडला की समोरची आगगाडी थांबली असेल.

"अहो, द्या ना त्याला फोन," मी आमच्या ह्यांना म्हटलं. "पाचच मिनिटं."

"शर्वाणीला शब्द दिलाय," हे म्हणाले. आमचे हे म्हणजे श्रीकंठय्या. आयुष्यभर माझा एक शब्द पाळला नाही, आणि लेकीला दिलेला शब्द मात्र सोन्याचा! दोघांचेही फोन त्यांनी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले. शर्वाणीचा फोन आला की तांदूळ वाजायला लागायचा, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात धावायचो.

सोमवार कसा काढला ते माझं मला माहीत. इंचराने पुळियोगरेचं, चिंचेच्या भाताचं ताट पुढे ढकललं. "आधी लाव," म्हणाली.

"काय लावू?"

"काहीपण. माझं तोंड उघडत नाही त्याशिवाय."

पुट्टा ह्यांच्या टकलावर बोट फिरवत बसला. आणि साडेसात वाजले तेव्हा मला कळलं, उपास काही एकट्या पोरांचा नव्हता. माझी मालिका! सुनेच्या दुधात कोणी काय कालवलं ते सोमवारी कळणार होतं, आणि रिमोट बंगळूरला! मी टीव्हीच्या काळ्या काचेसमोर जाऊन नुसतीच उभी राहिले. हात कसे शिवशिवत होते म्हणून सांगू. तेवढ्यात मागून इंचरा आली आणि माझा पदर धरून तीही काळ्या काचेकडे बघत राहिली. म्हटलं, ही माझीच नात, शंका नको.

मंगळवारी मी पायऱ्यांभोवती रांगोळीची जाड रेघ ओढली. "ह्याच्या आत पाय टाकलात तर याद राखा," असा दम भरला. पोरं रेघेबाहेर मांडी घालून बसली आणि बघायला लागली. अर्धा तास झाला, हलेनात. मला वाटलं, चला, सुटले.

"अज्जी," इंचराने हाक मारली, "हे कधी सुरू होणार?"

"काय सुरू होणार?"

"हे. सगळे नुसते उभेच आहेत."

"बाई गं, त्या मातीच्या आहेत. त्या काही करत नसतात."

इंचराला पटलं नाही. ती वाट बघत राहिली. दुपारी मी वाटण वाटत होते, तेव्हा बाहेरून दोन आवाज यायला लागले. एक घोगरा, एक चिरका. "डाळ कुठे गेली?" "मला काय माहीत!" "सगळी डाळ तूच खाल्लीस. बघ तुझं पोट!" मी दार ढकलून पाहिलं. रेघेबाहेर बसल्या बसल्या पोरगी शेट्टी आणि शेट्टीणीचं भांडण लावून देत होती. पुट्टा आ वासून ऐकत होता, आणि त्या उघड्या तोंडात ती मधूनमधून भाताचा घास कोंबत होती, एक त्याला, एक स्वतःला.

अय्यो! मी जागची हलले नाही. शेट्टीण रागावून माहेरी निघाली. सवारीच्या हत्तीवर बसून जाते म्हणाली. हत्ती म्हणाला, आधी डाळ. डाळ तर संपलेली! आता काय करायचं? तिकडे आत माझं वाटण राहिलं तसंच, आणि फोडणी जळून कोळसा झाली. मी गॅस बंद केला आणि तशीच परत पळत आले. "मग? गेली का शेट्टीण?"

"उरलेलं उद्या," इंचरा म्हणाली. अगदी मालिकावाल्यांसारखं!

बुधवारी, गुरुवारी मी कामं भराभरा उरकून रेघेबाहेर तिसरी मांडी घालून बसले. शुक्रवारी हेही वर्तमानपत्र बाजूला ठेवून आले. शेट्टीणीला वाटेत दशावतारातलं कासव भेटलं होतं, त्याच्याकडे डाळ होती पण ते द्यायला फार वेळ लावत होतं. दुधात काय कालवलं ते मी साफ विसरले. पण रेघ शाबूत होती हं. आणि पलीकडे माझी मांडणीही शाबूत.

शनिवारी दुपारी मी फुलं आणायला देवराज बाजारात गेले. जाताना ह्यांना बजावलं, "डोळ्यांत तेल घालून बसा." माझी नेसायची रेशमी साडी पलंगावर काढून ठेवली. गर्दी इतकी की फुलं मिळून घरी यायला साडेपाच वाजून गेले. दार उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

नऊच्या नऊ पायऱ्या रिकाम्या. वर अंथरलेलं नुसतं पांढरं धोतर.

आणि जमिनीवर, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सगळे आडवे! दशावतार एका उशीवर ओळीने. वाजंत्रीवाले सनईसकट टॉवेलात. शेट्टी एकीकडे, शेट्टीण दुसरीकडे, मध्ये कासव. वाघ-सिंह माझ्या पापडाच्या कपड्याखाली. राजा-राणी मधोमध, अंगावर माझी संध्याकाळी नेसायची मैसूर सिल्क. आणि हत्तींच्या रांगेच्या शेवटी आमचे हे, पाय पोटाशी घेऊन, टकलावर माझा ब्लाउजपीस!

"अहो!" मी किंचाळले.

"शुऽऽ!" इंचरा ओठांवर बोट ठेवून धावत आली. "आत्ता कुठे डोळा लागलाय सगळ्यांचा."

"कोणी... कोणी सांगितलं तुला हे?"

"अज्जी, राजा सोमवारपासून नुसता बघतोय. एकदासुद्धा डोळे मिटले नाहीत त्याने. अम्मा म्हणते, खूप वेळ बघत बसलं की डोळे लाल होतात. हे बघ." तिने साडी जरा बाजूला केली. राजाच्या डोळ्यांच्या कडांना तांबडी रेघ आहेच, मुळातलीच. "त्याची बघायची वेळ संपली. म्हणून झोपवलं. तो एकटा झोपेना, म्हणून मग सगळ्यांना."

आता तुम्हाला सांगते, माझा जीव का गेला ते. बाहुल्या पडल्या, तर त्या उचलता येतात. पण आमच्याकडे राजाला आडवं करायचं ते विजयादशमीच्या संध्याकाळी, आरती झाल्यावर. राजा झोपला की हब्ब संपला. आणि इथे दशमीला अजून चार दिवस अवकाश, आणि माझा राजा डाराडूर! अर्ध्या तासात सगळं परत लावायचं म्हटलं तरी झोपलेल्या राजाला उठवून पुन्हा बसवायचं असं कधी कोणी ऐकलंय का?

मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू. फुलांची पिशवी हातात धरून मी मटकन खाली बसले.

इंचराने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "अज्जी, तुझेपण डोळे लाल झालेत," ती हळूच म्हणाली. "तूपण झोप." आणि माझ्या खांद्याला धरून तिने मला आडवं केलं. मीही बावळटासारखी झाले आडवी, आमच्या ह्यांच्या शेजारी. पुट्टाने माझ्या पोटावर नॅपकिन पसरला.

आणि बेल वाजली.

"उठू नकोस!" इंचराने दटावलं आणि ती दार उघडायला गेली. मी डोळे घट्ट मिटून घेतले. उघडून कोणाला तोंड दाखवणार होते?

बायकांच्या काकणांचा आवाज दारातून आत आला आणि एकदम थांबला.

"वनजाक्षी!" हा पद्मावतम्माचा आवाज. "काय झालं गं? चक्कर आली का?"

"शुऽऽ! अज्जी झोपलीय. सगळे झोपलेत. हळू या, चपला हातात घ्या."

कोणीतरी फिसकन हसलं. मग पद्मावतम्मा कुजबुजली, पण अशी की मला स्पष्ट ऐकू यावं. "राजाला झोपवलंय म्हणजे ह्यांचा हब्ब संपला. मांडणीच नाही तर नंबर कसला द्यायचा?"

"तसं कसं?" दुसरी कुजबुजली. "आरती कुठे झालीय? आरतीशिवाय झोपवलं तर ते धरत नाहीत."

"धरतात! आमच्या मामींकडे मांजराने राजा पाडला, तर त्यांनी त्याच दिवशी सगळं आवरलं."

"पाडणं वेगळं नि झोपवणं वेगळं."

"अंगावर पांघरूण आहे. पांघरूण आहे म्हणजे झोपच."

ह्यांचं पोट माझ्या शेजारी थरथरायला लागलं होतं. मी त्यांना कोपराने ढोसलं. शेवटी राजम्मा बोलल्या. राजम्मा आमच्या मंडळात सगळ्यांत वडील, आणि त्यांना जन्मात हळू बोलता आलेलं नाही. "अगं, दुपारची झोप आहे ती!" त्या गरजल्या. "जेवून राजा काय तुमच्यासारखा भांडी घासणार होता? दुपारच्या झोपेने कुठे हब्ब संपतो!"

"शुऽऽ!" सगळ्या एकदम त्यांच्यावर ओरडल्या.

इथे मला हसू आवरेना. नॅपकिन पोटावर उड्या मारायला लागला. मी एक डोळा किलकिला केला, आणि जे पाहिलं ते जन्मभर विसरणार नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका, जरीच्या साड्या, गजरे, चपला हातात, माझ्या बाहुल्यांमधून चवड्यांवर चालत होत्या. त्यांनी आरतीसुद्धा कुजबुजत म्हटली. घंटा वाजवणारीने घंटेचा लोलक हाताने धरून ठेवला.

पद्मावतम्मा मात्र दाराशीच उभी, हनुवटी वर. तिच्यासमोर पुट्टा जाऊन उभा राहिला. हातात नव्या अंबारीचा हत्ती. आठवडाभर ह्या पोराने रडण्यापलीकडे शब्द काढला नव्हता.

"हा झोपत नाही," तो म्हणाला. "थोपट."

पद्मावतम्माचे गुडघे धड नाहीत. तरी ती भिंत धरधरून खाली बसली, हत्ती मांडीवर घेतला आणि थोपटायला लागली. जरा वेळाने ती अंगाई गुणगुणायला लागली, तिच्या आईची असेल. ती ऐकता ऐकता राजम्मांचं घोरणं सुरू झालं.

नंबर आगगाडीलाच गेला, ते विचारूच नका. मांडणीच नाही म्हटल्यावर मीच तिच्यासाठी हात वर केला. रागाने मी रात्री जेवले नाही, हेही खरं. पण रविवारी सकाळपासून माझ्या दारात चपलांचा ढीग! आमच्या लहानपणी पोरं घरोघर विचारत हिंडायची, "बाहुल्या बसवल्यात का?" आणि मूठभर उसळ, एखादी चकली घेऊन जायची. हल्ली कोणी फिरकत नाही. त्या रविवारी समोरच्या घरचा नातू आला, मागोमाग त्याचे मित्र.

"बाहुल्या बसवल्यात का?"

"नाही, आत्ताच उठल्यात," इंचराने आतून सांगितलं. "दात घासायचेत. या लवकर."

मी जाऊन रांगोळीची रेघ पुसून टाकली. तशीही तिच्यावरून हत्ती गेले होते.

विजयादशमीला दुपारी शर्वाणी आली. पर्समधून आधी रिमोट काढला, मग फोन काढून पोरांपुढे धरला. "शहाण्यासारखे राहिलात ना? घ्या, दहा मिनिटं."

"नंतर," इंचरा म्हणाली. "शेट्टीणीला बाळ होणार आहे."

शर्वाणीने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीच्या हातातल्या शेट्टीणीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "अम्मा, तू हिला हात लावू देतेस?"

"ती मला लावू देते का, ते विचार तुझ्या लेकीला."

"मला तर बोट लावलं तरी धपाटा मिळायचा."

"मग आता लाव ना. कोणी तुझे हात धरलेत?" मी तिच्यावरच खेकसले.

शर्वाणी खाली बसली. राणी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. मग एकदम कंबरेवर हात ठेवल्यासारखी राणी उभी करून बोलायला लागली. "अहो! डोळ्यांत तेल घालून बसा म्हटलं होतं ना? कुठे गेलं तेल?" हुबेहूब माझा आवाज! हे भिंतीला टेकून हसले ते हसले, त्यांना उचकी लागली. बंगळूरची चारची गाडी गेली, पाचची गेली. संध्याकाळी आरती झाली, मोठ्याने, घंटेसकट. आता राजाला आडवं करायचं.

इंचराने राजाला छातीशी धरलं. "नाही. तो झोपला की हब्ब संपतो. पद्मावतम्मा म्हणाल्या. आणि संपला की आम्ही जायचं."

पुट्टा राणीला धरून बसला.

मी राजाचा फेटा नीट केला. खेळून खेळून जरीची शिवण उसवली होती, नाकाचा रंगही जरा गेला होता. "मग नको झोपवू," मी म्हटलं. "घेऊन जा दोघांना. तुमच्या घरी झोपतील."

"अम्मा!" शर्वाणी म्हणाली. "अगं, तुझ्या आईने दिलेत ते तुला."

"मग? आईनेच द्यायचे असतात. तुझ्या लग्नात तू म्हणालीस, फ्लॅटमध्ये जागा नाही. आता कर जागा."

रिमोट निघाल्यावर पर्समध्ये जागा होतीच. शर्वाणीने पदराने राजाचं नाक पुसलं आणि दोघांना शेजारी शेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी घर असं काही शांत झालं की सांगता सोय नाही. बाहुल्या खोक्यात गेल्या. साडेसातला मी हक्काने रिमोट घेऊन बसले. दुधात कोणीच काही कालवलं नव्हतं म्हणे, स्वप्न होतं. कशातच राम नाही. टीव्ही बंद करून मी तांदळाचा डबा उघडला, फोन काढला आणि बंगळूरला लावला.

"इंचरा, ऐक. शेट्टीणीला काय झालं? मुलगा की मुलगी?"

"कासव," इंचरा म्हणाली.

"कासव? आणि शेट्टी काय म्हणाला मग? चिडला? का लाड केले? आणि डाळीचं..."

"अज्जी, पुरे आता," पोरगी म्हणाली. "एवढा वेळ फोनवर राहू नये. उरलेलं तूच कर."

आणि तिने ठेवून दिला! माझ्या तोंडावर!

मी उठले, शेट्टी-शेट्टीणीचं खोकं ओढून काढलं आणि दोघांना जमिनीवर मांडलं. बाजूला कासव. घसा खाकरून शेट्टीणीला बोलतं करणार, तेवढ्यात आमचे हे धोतर सावरत शेजारी येऊन बसले.

"सरक जरा," म्हणाले. "शेट्टी मी होणार."